जड धातू साचलेल्या जमिनीत फळबाग कशी राखावी

द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना यांचे द्रावण) फवारले जाते, तेव्हा त्यातील तांब्याचा अगदी थोडा भाग केवडा या रोगाच्या बीजाणूंवर खर्ची पडतो. उरलेले तांबे पावसाच्या थेंबांबरोबर, गळलेल्या पानांबरोबर आणि छाटणीच्या काड्यांबरोबर जमिनीवर येते आणि तेथेच राहते. तांबे कुजत नाही, उडून जात नाही आणि चिकणमातीच्या जमिनीत पाण्याबरोबर फारसे खालीही उतरत नाही. शहराच्या सांडपाण्यातून येणारे कॅडमियम, जुन्या रंगातून व रस्त्याकडेच्या धुळीतून आलेले शिसे, कारखान्याच्या पाण्यातून आलेले क्रोमियम आणि निकेल यांचेही असेच होते. तरीही अशा जमिनीतील बागा वर्षानुवर्षे हिरव्यागार दिसतात आणि त्यामुळेच बागायतदाराची फसगत होते. फळझाड धातू नष्ट करत नाही, ते त्याला ठरावीक जागी अडवून ठेवते. म्हणून झाडाची तब्येत चांगली असणे हा माती स्वच्छ असल्याचा पुरावा नव्हे, आणि माती दूषित असली म्हणजे फळही दूषितच असणार असेही नाही. बागायतदाराने झाडाची ही अडवण्याची क्षमता टिकवावी, नवा धातू येऊ देऊ नये आणि मधूनमधून माती, पान व फळ यांची वेगवेगळी तपासणी करावी. पुढील विवेचन याच तीन कामांविषयी आहे.

झाड धातू कोठे अडवते

जड धातूंशी झाडाची पहिली गाठ मुळाच्या बाहेर पडते. मुळे सायट्रिक, मॅलिक यांसारखी सेंद्रिय आम्ले आणि चिकट स्राव मातीत सोडतात, आणि काही धातू या स्रावांत बांधले जाऊन मुळाच्या पृष्ठभागावरच थांबतात. मुळांवर वाढणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे तंतूही बराच धातू स्वतःकडे ओढून धरतात. त्यातून जो धातू आत शिरतो, त्याला पेशीभित्तिकेतील पेक्टिनचे ऋणभारित गट पकडून ठेवतात. शिसे तर बहुतांशी या टप्प्याच्या पुढे जातच नाही, म्हणून शिशाने दूषित जमिनीतील झाडाच्या मुळांत ते भरपूर सापडते आणि पानांत व फळांत अत्यल्प.

मुळाच्या आतील बाजूस अंतस्त्वचेचा एक थर असतो आणि त्याच्या पेशींभोवती पाण्याला अभेद्य अशी कॅस्परी पट्टी असते. पेशींमधल्या फटींतून झिरपत आलेल्या धातूला ही पट्टी अडवते, आणि पुढे जायचे तर त्याला जिवंत पेशीच्या पटलातून जावे लागते. मात्र कोवळ्या मुळाच्या टोकाशी ही पट्टी अजून पक्की झालेली नसते आणि जेथून नवी उपमुळे फुटतात तेथे ती तात्पुरती तुटते. म्हणजे ज्या पांढऱ्या मुळ्यांवर बागायतदाराची सारी भिस्त असते, त्याच धातूला आत येण्याची सर्वांत सोपी वाट देतात. पांढरी मुळी कोणत्या थरात वाढते, या प्रश्नाला पुढे इतके महत्त्व येते ते यामुळेच.

पेशीच्या आत आलेल्या धातूसाठी झाडाकडे आणखी एक व्यवस्था आहे. ग्लुटाथायोन या लहान रेणूपासून पेशी फायटोकिलेटिन नावाच्या गंधकयुक्त साखळ्या तयार करते, त्या कॅडमियमसारख्या धातूला घट्ट धरतात आणि ही जोडी रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील साठवणीच्या पोकळीत, नेऊन बंद केली जाते. तांब्याच्या बाबतीत मेटॅलोथायोनिन ही प्रथिनेही असेच काम करतात. बोर्डो मिश्रणाचा केवड्यावरील उपयोग फ्रान्समधील मिलार्दे यांनी १८८५ मध्ये जाहीर केला आणि वनस्पतींतील फायटोकिलेटिनचा शोध बरोबर शंभर वर्षांनी, १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. द्राक्षवेल आपल्यावर ओतले जाणारे तांबे कसे पचवते हे कळायला सुरुवात होईपर्यंत शतकभर फवारण्या होऊन गेल्या होत्या, असे म्हणायला हरकत नाही.

यातून सुटलेला धातू जलवाहिन्यांतून वर चढतो आणि जेथे बाष्पोत्सर्जन अधिक तेथे, म्हणजे पानांत, जाऊन बसतो. फळाला जलवाहिनीतून येणारे पाणी तुलनेने कमी असते आणि पक्व होत चाललेल्या फळाचा बराचसा पुरवठा रसवाहिनीतून होतो. जे धातू रसवाहिनीतून सहज फिरत नाहीत, ते फळापर्यंत फार थोडे पोहोचतात. शिसे, क्रोमियम आणि बऱ्याच अंशी तांबे या गटात येतात. कॅडमियम मात्र जस्ताच्या आणि लोहाच्या वाटा वापरून आत शिरते आणि रसवाहिनीतूनही काही प्रमाणात पुढे सरकते, म्हणून फळाच्या दृष्टीने सर्वांत जास्त लक्ष त्याच्यावर ठेवावे. आर्सेनिक काटेकोर अर्थाने धातू नसले तरी याच यादीत धरले जाते, आणि त्याचे आर्सेनेट हे रूप फॉस्फेटच्या वाटेने मुळात येते.

ही व्यवस्था प्रत्येक झाडात सारखी नसते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सफरचंदाच्या बागांवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लेड आर्सेनेट या शिसे व आर्सेनिक असलेल्या कीटकनाशकाची भरमसाट फवारणी झाली. शिसे आणि आर्सेनिक वरच्या थरात साचले, तरी सफरचंदाची मोठी झाडे उभी राहिली आणि त्यांच्या गरात हे घटक फारसे उतरले नाहीत. त्याच जमिनीत पुढे जर्दाळू आणि पीच लावले, तेव्हा ती झाडे आर्सेनिकने खुरटली. उलट उदाहरण कोकोचे आहे. इक्वेडोर आणि पेरू येथील काही भागांत कोकोचे झाड कोणतेही लक्षण न दाखवता मातीतील कॅडमियम थेट बियांत साठवते, आणि युरोपीय संघाने २०१९ पासून चॉकलेटमधील कॅडमियमवर मर्यादा घातल्यावर तेथील शेतकऱ्यांपुढे बाजाराचा प्रश्न उभा राहिला. एका पिकाचा अनुभव दुसऱ्या पिकाला लावू नये.

मातीचा नमुना

बागेतील नेहमीचा खतांसाठीचा नमुना धातूंच्या तपासणीला पुरत नाही. धातू बहुधा वरच्या १५ ते ३० सेंटिमीटरमध्ये अडकलेले असतात, त्यामुळे ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर असे तीन थर वेगळे काढावेत. द्राक्षबागेत वेलीच्या बोदातील (ज्या उंच वरंब्यावर वेली लावतात त्यातील) आणि दोन ओळींमधल्या पट्ट्यातील मातीही वेगळी ठेवावी. फवारणीचे तांबे, ठिबकचे पाणी आणि शेणखत हे सारे बोदावर एकवटते, तर ओळींमधल्या जागेत पानगळ आणि काड्यांची कुट्टी पडते. या दोन्ही जागांची माती एकत्र केली तर येणारा सरासरी आकडा कोणत्याच जागेचा नसतो.

एका एकरात नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणांहून माती घ्यावी. रस्त्यालगतची, पंपघराजवळची आणि विशेषतः फवारणीचे द्रावण तयार करण्याच्या जागेची माती यात मिसळू नये. त्या जागेवर वर्षानुवर्षे मोरचूद सांडलेले असते, म्हणून शंका असेल तर तिचा स्वतंत्र नमुना द्यावा. जस्ताचा मुलामा दिलेली बादली, पितळी चाळणी किंवा गंजलेले फावडे वापरल्यास अवजारातील धातूच नमुन्यात येतो. स्टेनलेस स्टीलचे गिरमिट किंवा लाकडी खुरपणी आणि प्लास्टिकचे घमेले वापरावे. माती कागदावर पसरून सावलीत वाळवावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत आणि असे करत अर्धा किलो माती उरली की ती स्वच्छ कापडी किंवा प्लास्टिकच्या पिशवीत भरून थर, जागा व तारीख लिहावी. तांब्याची फवारणी नुकतीच झाली असेल तर काही आठवडे थांबून, एखादा चांगला पाऊस झाल्यावर नमुना घेणे बरे.

प्रयोगशाळेला तीन गोष्टी मागाव्यात: धातूचे एकूण प्रमाण, डीटीपीए या रसायनाच्या द्रावणात उतरणारे म्हणजे झाडाला मिळू शकणारे प्रमाण, आणि सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब व मुक्त चुनखडी यांचे आकडे. केवळ एकूण प्रमाण घेऊन परत येणे म्हणजे निम्मी माहिती घेऊन येणे होय. जिल्ह्यातील माती परीक्षण केंद्रांत तांबे, जस्त, लोह आणि मंगल हे डीटीपीए पद्धतीने होतात. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक, क्रोमियम यांच्यासाठी कृषी विद्यापीठाची किंवा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा गाठावी लागते.

आकडे वाचताना

महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात आकडे वाचताना घोटाळा होतो, कारण आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. बेसाल्टमध्येच तांबे किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, आणि निकेल व क्रोमियमही ग्रॅनाइटच्या तुलनेने बरेच जास्त असतात. युरोपीय संघाच्या सांडपाण्याच्या गाळाविषयीच्या १९८६ च्या निर्देशात मातीतील तांब्याची मर्यादा किलोमागे ५० ते १४० मिलिग्रॅम आहे. त्या मापाने पाहिले तर कधीही मोरचूद न पाहिलेली आपली कितीतरी शेते दूषित ठरतील. भारतीय संशोधनपर लिखाणात नेहमी दिल्या जाणाऱ्या मर्यादा तांब्यासाठी १३५ ते २७०, शिशासाठी २५० ते ५०० आणि कॅडमियमसाठी ३ ते ६ मिलिग्रॅम अशा आहेत. कॅडमियमच्या बाबतीत मी युरोपीय निर्देशातील १ ते ३ ही कडक मर्यादा धरणे पसंत करतो, कारण ३ ते ६ पर्यंत वाट पाहिली तर फळ आधीच हाताबाहेर गेलेले असू शकते.

म्हणून आकड्याची तुलना आधी आपल्याच शेताच्या बांधावरील, कधीही फवारणी न झालेल्या जागेतील मातीशी करावी. बागेतील वरच्या थरात तांबे बांधापेक्षा दुपटीने अधिक आणि खालच्या थरात मात्र बांधाएवढेच, असे दिसले तर ते फवारणीचे तांबे आहे हे जवळजवळ निश्चित होते. सर्वच थरांत सारखेच जास्त असेल तर ते खडकाचे असते आणि त्याचा बराचसा भाग खनिजांत बंदिस्त असल्याने झाडाला सहसा मिळत नाही. डीटीपीएचा आकडा हे वेगळेपण लगेच दाखवतो. पिकाला तांब्याची कमतरता पडू नये म्हणून डीटीपीए तांबे किलोमागे ०.२ मिलिग्रॅमच्या वर असावे एवढीच अपेक्षा असते, तर फवारणीच्या बागेत हा आकडा त्याच्या कित्येक पटींनी वर गेलेला दिसतो. ही कसोटी चुनखडीयुक्त आणि उदासीन जमिनींसाठी बसवलेली आहे. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीत तिचा आकडा जरा सावधपणे घ्यावा.

झाडाची लक्षणेही पाहावीत, पण फार विश्वास ठेवू नये. तांबे जास्त झाले की कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात, जे लोहाच्या कमतरतेचे नेहमीचे चित्र आहे आणि चुनखडीच्या जमिनीत तांब्याशिवायही दिसते. फरक मुळांत असतो. एखाद्या पिवळ्या वेलीच्या बोदात हळूच खणून मुळे धुऊन पाहिल्यास तांब्याच्या बाधेत ती आखूड, जाड, काळपट आणि उपमुळे कमी फुटलेली आढळतात. देठ परीक्षणाला पाठवलेल्या नमुन्यात तांबे जास्त आले तर ते आतले आहे की पृष्ठभागावरील फवारणीचे, हे कळण्यासाठी नमुना सौम्य आम्लयुक्त पाण्याने धुऊन घेतला होता का, हे प्रयोगशाळेला विचारावे.

येणारा धातू मोजणे

जमिनीत आधीच साचलेले काढणे जवळजवळ अशक्य असल्याने येणाऱ्या धातूचा हिशेब हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि हा हिशेब वहीत बसतो. मोरचुदात सुमारे २५ टक्के तांबे असते. एकरी ४०० लिटर पाण्यातून एक टक्का बोर्डो फवारले तर ४ किलो मोरचूद, म्हणजे एक किलो तांबे जमिनीवर जाते. एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन ढोबळमानाने ९ लाख किलो धरले, तर एका फवारणीने मातीतील तांबे किलोमागे सुमारे १.१ मिलिग्रॅमने वाढते. वर्षाला अशा पाच फवारण्या वीस वर्षे झाल्या तर ही वाढ ११० मिलिग्रॅम होते, आणि तांबे बोदाच्या पट्ट्यातच एकवटले तर त्या पट्ट्यात याहूनही अधिक. युरोपीय संघात आता तांब्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो, अशी मर्यादा आहे. एकरात ती वर्षाला सुमारे १.६ किलो होते. एक टक्क्याच्या दोन पूर्ण फवारण्यांतच ती ओलांडली जाते. डाळिंबाच्या बागेत तेल्या या रोगावर कॉपर ऑक्सिक्लोराइड वापरणाऱ्यांनीही असाच हिशेब ठेवावा, कारण ५० टक्क्यांच्या भुकटीत निम्मे वजन तांब्याचे असते आणि ती लिटरला अडीच ग्रॅमने फवारली तर ४०० लिटरमागे अर्धा किलो तांबे पडते.

उन्हाळ्यातील खरड छाटणीनंतर पावसाळ्यात केवड्यासाठी आणि काडीच्या संरक्षणासाठी बोर्डो फवारावेच लागते, हे कोणीही नाशिक-सांगलीचा बागायतदार सांगेल, आणि ते खरे आहे. पण एक टक्क्याऐवजी अर्धा टक्का, पानांची गर्दी कमी ठेवून द्रावण कमी लागेल अशी बाग राखणे, आणि दिनदर्शिका बघून नव्हे तर पावसाचा अंदाज व पानांची ओल बघून फवारणी करणे, या तीन गोष्टींनी वर्षाचे तांबे निम्म्यावर येऊ शकते. सिंधुदुर्ग आणि गोव्यातील सुपारीच्या बागांत कोळेरोगावर बोर्डो फवारतात. तेथील माती आम्लधर्मी असल्याने तेच तांबे झाडाला अधिक सहज मिळते, म्हणून तेथे ही काटकसर आणखी आवश्यक आहे.

सांडपाणी आणि कंपोस्ट यांचा हिशेब याच पद्धतीने करता येतो. सिंचनाच्या पाण्यातील कॅडमियमसाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. या मर्यादेतले पाणी वर्षाला हेक्टरी १० हजार घनमीटर दिले तरी १०० ग्रॅम कॅडमियम येते आणि वरच्या थरात किलोमागे जवळपास ०.०४५ मिलिग्रॅमची भर पडते. म्हणजे मर्यादेत असलेले पाणीही वीस-पंचवीस वर्षांत मातीला एक मिलिग्रॅमपर्यंत नेऊ शकते. पुण्याच्या खाली मुळा-मुठेच्या पाण्यावर किंवा अन्य कोणत्याही शहराच्या सांडपाण्यावर बाग करणाऱ्यांनी पाण्याची तपासणी उन्हाळ्यात करावी, कारण तेव्हा नदीत स्वच्छ पाणी मिसळण्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात कॅडमियमची मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि शिशाची १०० मिलिग्रॅम आहे. नेमके या मर्यादेइतके धातू असलेले कंपोस्ट हेक्टरी १० टन टाकले तर एका वेळी एक किलो शिसे आणि ५० ग्रॅम कॅडमियम जमिनीत जाते. स्वस्त मिळते म्हणून दरवर्षी ट्रक भरून आणण्याआधी विक्रेत्याकडून तपासणीचा अहवाल मागून घ्यावा. स्फुरदाच्या खतांतूनही खनिजाच्या उगमानुसार थोडे कॅडमियम येते, पण ते प्रमाण सांडपाण्याच्या आणि गाळाच्या तुलनेत लहान असते.

झाडाच्या मदतीला माती

सर्वांत पहिला उपाय सामूचा आहे, पण तो सर्वत्र नाही. आम्लधर्मी मातीत सामू ६.५ च्या आसपास आणला की तांबे, कॅडमियम, शिसे, निकेल आणि जस्त यांची उपलब्धता पुष्कळ कमी होते. फ्लोरिडातील रेताड, आम्लधर्मी जमिनीतील संत्रावर्गीय बागांत तांब्याने झाडे पिवळी पडू लागली, तेव्हा चुना देऊन सामू याच पातळीवर ठेवण्याचा मार्ग तेथे रूढ झाला. कोकणातील आंबा, काजू, सुपारीच्या बागांना तो लागू पडतो. चुना एकदम न देता मातीच्या तपासणीनुसार हप्त्याहप्त्याने आळ्यात पसरून हलके मिसळावा. नाशिक, सोलापूर, नगरकडील आठच्या आसपास सामू असलेल्या चुनखडीच्या जमिनीत मात्र चुना टाकणे निरर्थक आहे. तेथे मातीच धातूंना धरून ठेवत असते, आणि तुमचे काम ते धरून ठेवणे बिघडवू नये एवढेच आहे. गंधक किंवा आम्लयुक्त खते वापरून सामू खाली आणण्याचा सल्ला या भागात लोह मिळावे म्हणून सर्रास दिला जातो. धातू साचलेल्या बागेत तो मोठ्या प्रमाणावर मानू नये.

दुसरा उपाय सेंद्रिय पदार्थांचा. चांगले कुजलेले शेणखत, गांडूळ खत, ताग-धैंच्याचे हिरवळीचे खत आणि साखर कारखान्याची कुजवलेली मळी यांतील ह्युमस तांब्याला आणि शिशाला घट्ट धरतो, आणि षट्संयुजी क्रोमियमला कमी विषारी त्रिसंयुजी रूपात आणण्यासही मदत करतो. न कुजलेला ओला पाला किंवा ताजी स्लरी यांचा परिणाम काही काळ उलट होऊ शकतो, कारण त्यातील विरघळणारे सेंद्रिय घटक धातूला पाण्याबरोबर फिरते करतात. लाकडी कोळशाची बारीक भुकटी शेणखतात मुरवून दिल्यास कॅडमियम व शिसे बांधण्यास तिचा उपयोग होतो. आर्सेनिकसाठी ती भरवशाची नाही.

प्रत्येक धातूला एकच औषध लागू पडत नाही. स्फुरद शिशाला न विरघळणाऱ्या खनिजात बांधते, पण तेच स्फुरद मातीतील आर्सेनिकला मोकळे करते, आणि जास्त चुन्यानेही आर्सेनिक सुटू शकते. जमिनीत शिसे आणि आर्सेनिक दोन्ही असतील तर स्फुरदाचा मारा करू नये. कॅडमियमसाठी जस्ताची कमतरता भरून काढणे महत्त्वाचे, कारण झाडाचे मूळ जस्त व लोह शोधताना त्याच वाटेने कॅडमियम आत घेते. डीटीपीए जस्त ०.६ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर झिंक सल्फेट जरूर द्यावे. खारट पाण्याकडेही लक्ष हवे, कारण पाण्यातील क्लोराइड कॅडमियमशी जोडले जाऊन त्याला मुळाकडे सरकवते. म्हणून अशा बागेत पालाशसाठी म्युरेट या क्लोराइडयुक्त खताऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावे. मायकोरायझाचे बाजारी संवर्धन, ज्याला बागायतदार अजूनही व्हॅम म्हणतात, लागवडीच्या वेळी मुळाशी देणे योग्य आहे, पण त्यावर लगेच तांब्याची आळवणी केली किंवा स्फुरदाचा भरपूर डोस दिला तर ती बुरशी रुजतच नाही.

झाडांकरवी माती धुऊन घेण्याची कल्पना आकर्षक वाटते. तिचा हिशेब असा आहे: हेक्टरी ५ टन वाळलेला पाला आणि काड्या बागेबाहेर नेल्या आणि त्यांत किलोमागे २० मिलिग्रॅम तांबे आतून आलेले असले, तर वर्षाला १०० ग्रॅम तांबे बाहेर जाते. एक टक्का बोर्डोची हेक्टरी हजार लिटरची एक फवारणी अडीच किलो तांबे आणते. एका फवारणीचे तांबे काढायला पंचवीस वर्षे लागतील. म्हणून छाटणीच्या काड्यांची कुट्टी आच्छादनासाठी बागेतच वापरणे सामान्यतः फायद्याचे आहे. फक्त पानांत कॅडमियम जास्त आढळले असेल तर पाला बाहेर न्यावा, आणि तो जाळून राख पुन्हा आळ्यात टाकू नये, कारण राखेत धातू एकवटतात.

जुनी बाग काढून नवी लावताना

सर्वांत जास्त नुकसान या टप्प्यावर होते आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. वीस वर्षांच्या वेलीची कामाची मुळे बरीचशी तांब्याच्या थराखाली उतरलेली असतात, म्हणून ती टिकते. तिच्या जागी लावलेल्या रोपाची सारी पांढरी मुळी मात्र पहिली दोन वर्षे वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये, म्हणजे नेमकी साचलेल्या थरात असते. रोप खुरटते आणि दोष नर्सरीला, खुंटाला (ज्यावर कलम बांधतात त्या मुळाकडच्या झाडाला) किंवा सूत्रकृमींना दिला जातो. फ्रान्समधील जुन्या, आम्लधर्मी द्राक्षजमिनींत पुनर्लागवडीची अशीच अडचण दीर्घकाळ अनुभवास आली आहे.

चर खणताना वरची सुपीक माती बाजूला ठेवून ती शेणखतासह चराच्या तळाशी व मुळांभोवती भरायची, हा आपला नेहमीचा रिवाज आहे. तांबे साचलेल्या जमिनीत त्याचा अर्थ सर्वांत दूषित माती रोपाच्या मुळाला घालणे असा होतो. त्याऐवजी जुनी बाग काढल्यावर उन्हाळ्यात ६० सेंटिमीटरपर्यंत खोल नांगरट करून वरचा थर खालच्या मातीत मिसळावा. वरच्या १५ सेंटिमीटरमधील जादा तांबे ६० सेंटिमीटरमध्ये पसरले तर ती वाढ चौथ्या हिश्श्यावर येते. खाली मुरूम किंवा पांढरी चुनखडी असेल तर खोल नांगरटीने ती वर येऊन दुसरेच दुखणे ओढवेल. अशा वेळी नव्या ओळी जुन्या बोदांवर न घेता जुन्या ओळींच्या मधोमध घ्याव्यात, आणि रोपाच्या खड्ड्यापुरती माती बांधावरून किंवा न फवारलेल्या शेतातून आणावी. लागवडीआधी एक हंगाम ताग किंवा धैंचा गाडावा. शंका असल्यास जुन्या बोदाच्या मातीत व बांधाच्या मातीत दहा-दहा कुंड्यांत खुंटरोपे किंवा साधी मुगाची रोपे सहा आठवडे वाढवून मुळांची लांबी पाहावी. या चाचणीला खर्च जवळजवळ नाही आणि तिचे उत्तर प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा अनेकदा अधिक बोलके असते.

खुंटाच्या निवडीने फरक पडतो, कारण निरनिराळे खुंट धातू मुळात कितपत रोखतात हे सारखे नसते. द्राक्षाचा डॉगरिज हा खुंट आपल्याकडे स्थिरावला तो मुख्यतः पाण्याचा ताण आणि क्षार सोसण्यामुळे, तांब्यासाठी नव्हे. म्हणून दूषित जमिनीत एकाच खुंटावर पूर्ण बाग न लावता दोन खुंटांच्या काही ओळी घेऊन स्वतःच्या मातीत तुलना करणे शहाणपणाचे ठरेल.

फळाची खात्री

शेवटी विकायचे आणि खायचे ते फळ असते. शिशासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा बहुतेक फळांत किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे आणि ती ताज्या, ओल्या वजनावर मोजतात, तर मातीचे आणि पानांचे आकडे वाळलेल्या वजनावर असतात. ही तफावत ध्यानात न घेता तुलना केल्यास अकारण भीती वाटते किंवा अकारण निश्चिंती. फळातील शिसे अनेकदा मुळातून आलेले नसते, ते धुळीतून व मातीच्या शिंतोड्यांतून सालीवर बसलेले असते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले तरी हमरस्त्यालगतच्या जमिनीत त्याचा जुना साठा आहे. अशा बागेत खालच्या फांद्या उचलून बांधणे, जमिनीवर गवताचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन ठेवणे आणि काढणीनंतर फळ वाहत्या पाण्याने धुणे हे उपाय मातीवरील कोणत्याही उपचारापेक्षा लवकर गुण देतात. जमिनीलगत वाढणाऱ्या स्ट्रॉबेरीला ते सर्वांत आधी लागू होतात. पेरू, चिकू, आंबा यांची साल काढून खाल्ली तर धोका आणखी घटतो, पण सालीसकट खाल्ल्या जाणाऱ्या द्राक्षाला ती सोय नाही.

तपासणीसाठी फळ दोन प्रकारे पाठवावे: तोडले तसे एक आणि चांगले धुतलेले दुसरे. न धुतलेल्यात शिसे जास्त आणि धुतलेल्यात नगण्य आले तर प्रश्न धुळीचा आहे. दोन्हींत सारखेच असेल, आणि विशेषतः ते कॅडमियम असेल, तर धातू झाडाच्या आतून आला आहे असे समजावे व जमिनीवरील उपाय दोन-तीन हंगाम करून पुन्हा तपासावे. तरीही आकडा मर्यादेच्या वर राहिला तर त्या तुकड्यात खाण्याचे फळ घेणे थांबवून बांबू, साग किंवा तुती यांसारखे न खाण्याचे पीक घ्यावे. फक्त त्या तुतीचा पाला रेशीम अळीला घालण्याआधी त्याचीही तपासणी करावी, कारण पानात साचलेला धातू अळीच्या वाढीवर परिणाम करतो.